व्हायडा गोल्डस्टाइन: संसदेची निवडणूक लढवणाऱ्या पहिल्या पिढीतल्या उमेदवाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर परिसरात ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या महिला, विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणारी मुलं-मुली आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत बसणारे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तेच ते परत सांगायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या व्हायडा गोल्डस्टाइन कोण? थोडक्यात सांगा.

ऑस्ट्रेलियातल्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या. जन्म १३ एप्रिल १८६९ रोजी व्हिक्टोरिया राज्यातल्या पोर्टलंड या बंदराच्या गावी, मृत्यू १५ ऑगस्ट १९४९ रोजी मेलबर्नमध्ये. १९०३ साली त्या ऑस्ट्रेलियाच्या सिनेटसाठी, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहासाठी उभ्या राहिल्या. एकूण पाच निवडणुका लढवल्या: सिनेटच्या तीन (१९०३, १९१०, १९१७) आणि कनिष्ठ सभागृहाच्या दोन (१९१३ आणि १९१४, मतदारसंघ कूयाँग). पाचही अपक्ष म्हणून लढवल्या आणि पाचही हरल्या. तरीही त्यांचं नाव का घ्यायचं, हे प्रश्न १३ मध्ये आहे.

२. परीक्षेत 'संसदेची निवडणूक लढवणारी जगातली पहिली स्त्री' असं लिहिलं तर चालेल का?

नाही. अमेरिकेत एलिझाबेथ केडी स्टँटन १८६६ मध्येच प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या होत्या. त्यांना स्वतःला मत नव्हतं आणि मिळाली २४ मतं. खुद्द ऑस्ट्रेलियात कॅथरिन हेलन स्पेन्स १८९७ मध्ये निवडणुकीला उभ्या होत्या, पण ती राज्यघटना तयार करणाऱ्या परिषदेची निवडणूक होती, संसदेची नव्हे.

'ब्रिटिश साम्राज्यात राष्ट्रीय संसदेसाठी उभ्या राहिलेल्या पहिल्या चार स्त्रियांपैकी एक' हे वाक्य बरोबर आहे. उरलेल्या तिघी न्यू साउथ वेल्सच्या: नेली मार्टेल आणि मेरी मूर-बेंटली सिनेटसाठी, तर सेलिना अँडरसन कनिष्ठ सभागृहासाठी. चौघी एकाच निवडणुकीत, १६ डिसेंबर १९०३ रोजी. व्हायडांचं नाव पुढे राहिलं कारण त्या नंतरही लढत राहिल्या. म्हणून बाकी तिघींना पुसून टाकणं योग्य नाही.

३. घरचं वातावरण कसं होतं? वडिलांचा पाठिंबा होता का?

अर्धा होता असं म्हणावं लागेल. वडील जेकब स्त्रियांना मताधिकार देण्याच्या विरोधात होते. पण मुलींनी शिकावं आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं यावर ते ठाम होते. त्यांनी मुलींना शिकवायला घरी शिक्षिका ठेवली. पुढे व्हायडा मेलबर्नच्या प्रेसबिटेरियन लेडीज कॉलेजात शिकल्या आणि १८८६ मध्ये मॅट्रिक झाल्या. आई इझाबेला मात्र उघडपणे मताधिकाराच्या बाजूची आणि दारूबंदीची पुरस्कर्ती. १८९० नंतरच्या मंदीत घरची मिळकत घटली तेव्हा व्हायडा आणि बहिणींनी १८९२ मध्ये शाळा काढली. मुलं-मुली एकत्र शिकत. ती शाळा १८९८ पर्यंत चालली.

त्यांनी लग्न केलं नाही.

४. चळवळीत त्या आल्या कशा?

सह्या गोळा करत. १८९१ मध्ये व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाला स्त्रियांच्या मताधिकारासाठी एक अर्ज गेला, त्यावर सुमारे ३०,००० सह्या होत्या. आईबरोबर व्हायडाही दारोदार फिरल्या. तो अर्ज आजही जपून ठेवलेला आहे. सह्यांचे कागद कापडावर एकापुढे एक चिकटवून त्याची गुंडाळी केली आहे. रुंदी जेमतेम २०० मिलिमीटर, लांबी मात्र सुमारे २६० मीटर. एका रिळावरून दुसऱ्या रिळावर तो पूर्ण उलगडायला तीन माणसांना तीन तास लागतात. घरोघर जाऊन मिळवलेल्या सह्या कशा दिसतात ते पाहायचं असेल तर त्याची छायाचित्रं जरूर पाहा.

१८९९ मध्ये तिथल्या चळवळीच्या नेत्या ॲनेट बेअर-क्रॉफर्ड वारल्या आणि धुरा व्हायडांकडे आली. त्यांनी शाळा बंद केलेलीच होती, त्यामुळे पूर्ण वेळ देता आला. कामकाजाचे नियम समजून घ्यायला त्या विधिमंडळाच्या प्रेक्षक सज्जात जाऊन बसत. दुरुस्ती कधी मांडायची, तहकुबी कधी मागायची, हे त्या तिथे बसून शिकल्या. १९०० पासून त्यांनी 'ऑस्ट्रेलियन वुमन्स स्फिअर' हे मासिक चालवलं.

५. मताचा हक्क कायद्याने मिळाला, पण उभं राहण्याचा हक्क कुठून आला?

१२ जून १९०२ च्या कायद्याने स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं (सर्वांना नाही; ती अट प्रश्न ८ मध्ये). घटनेत आधीच असं होतं की जो मतदार होण्यास पात्र, तो कनिष्ठ सभागृहाचा सदस्य होण्यास पात्र, आणि सिनेटची पात्रताही तीच. म्हणजे स्त्री मतदार झाली त्याच क्षणी उमेदवारीची वाट मोकळी झाली.

मुळात मत तरी का मिळालं? साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्यांत स्त्रियांना ते आधीच होतं. घटनेच्या ४१ व्या कलमाने त्यांचं मत काढून घेता येत नव्हतं. मग साउथ ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या बाईला मत आणि मेलबर्नच्या बाईला नाही, असा देशाचा मतदार याद्यांचा कारभार चालणार कसा? एकसारखा कायदा करणं भागच होतं. चळवळीचा रेटा होताच, पण या घटनात्मक अडचणीने काम सोपं केलं.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एक तारीख शेजारी लिहून ठेवावी: शाहू महाराजांचा करवीर संस्थानातला ५० टक्के राखीव जागांचा आदेश २६ जुलै १९०२ चा, म्हणजे या कायद्यानंतर दीड महिन्याच्या आतला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण सत्तेच्या दारात कुणी यायचं हा प्रश्न दोन्हीकडे तोच होता.

६. व्हिक्टोरियात स्त्रियांना १९०८ मध्ये मत मिळालं असं एका ठिकाणी वाचलं. मग १९०३ मध्ये त्या उभ्या कशा राहिल्या?

दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. १९०२ चा कायदा देशाच्या संसदेपुरता होता. राज्याच्या विधिमंडळासाठी मत देणारं व्हिक्टोरिया हे शेवटचं राज्य, तेही १९०८ मध्ये. त्यामुळे १९०३ मध्ये व्हायडा देशाच्या सिनेटच्या उमेदवार होत्या, पण स्वतःच्या राज्याचा आमदार निवडायला त्यांना मत नव्हतं. उत्तरात 'देशपातळी' की 'राज्यपातळी' हे लिहिलं नाही की हमखास चूक होते.

७. मत मिळालं म्हणजे उमेदवारी मिळालीच, असं सगळीकडे झालं का?

अजिबात नाही, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. न्यूझीलंडमध्ये मत १८९३ मध्ये मिळालं, पण उभं राहण्याचा हक्क १९१९ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी. ब्रिटनमध्ये तर उलटंच घडलं. १९१८ च्या कायद्याने तिथे ३० वर्षांवरच्या ठरावीक स्त्रियांनाच मत मिळालं, पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने २१ व्या वर्षापासून उभं राहता येऊ लागलं. म्हणजे २५ वर्षांची बाई खासदार होऊ शकत होती, पण स्वतःला मत देऊ शकत नव्हती. साउथ ऑस्ट्रेलियाने १८९४ मध्ये दोन्ही हक्क एकदम दिले. कोणत्याही देशाचा तक्ता करताना मताचं साल आणि उमेदवारीचं साल असे दोन वेगळे रकाने ठेवा.

८. १९०२ च्या कायद्याने 'सर्व' स्त्रियांना मत दिलं ना?

नाही. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने ऑस्ट्रेलियातले आदिवासी, तसंच आशिया, आफ्रिका आणि न्यूझीलंड सोडून पॅसिफिक बेटांतले मूळ रहिवासी यांना मतदार यादीबाहेर ठेवलं. अपवाद फक्त ४१ व्या कलमाच्या संरक्षणात बसणाऱ्यांचा. ही बंदी स्त्री-पुरुष दोघांनाही होती. म्हणजे त्या काळी आपल्याकडचा माणूस तिथे राहत असता, ब्रिटिश प्रजाजन असता, तरी त्याला मत नसतं. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना तिथे मत मिळालं ते १९२५ मध्ये. सर्व आदिवासींना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळायला १९६२ उजाडलं. 'ऑस्ट्रेलियाने १९०२ मध्ये स्त्रियांना मत दिलं' हे वाक्य या अटीशिवाय लिहू नये असं आमचं ठाम मत आहे.

९. अनामत रक्कम होती का? त्यांचं डिपॉझिट जप्त झालं होतं का?

होती, २५ पौंड. त्या काळच्या कष्टकरी माणसाची ती काही महिन्यांची कमाई, म्हणून अपक्षाला जड. नियमाचा ढाचा आपल्यासारखाच: ठरावीक मर्यादेपेक्षा कमी मतं पडली की रक्कम सरकारजमा. १९०३ मध्ये व्हायडांनी अनामत राखली. १९१७ मध्ये मात्र ती गेली. कारण प्रश्न १५ मध्ये.

१०. १९०३ ला मतदान कसं व्हायचं? एकाच उमेदवाराला मत देऊन चालत नव्हतं का?

चालत नव्हतं, आणि त्यांच्या पराभवाची निम्मी गोष्ट इथे आहे.

सिनेटसाठी संपूर्ण राज्य हा एकच मतदारसंघ. त्या वर्षी प्रत्येक राज्यातून तीन जागा भरायच्या होत्या, पण व्हिक्टोरियात एक जागा मुदतीआधी रिकामी झाल्याने चार. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांची नावं, आणि मतदाराने चार नावांपुढे फुली मारायची. बरोबर चार. तीन मारल्या तरी मत बाद, पाच मारल्या तरी बाद.

गोकुळ दूध संघाच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीत मतदान केलेल्या कुणालाही हे चटकन कळेल. एकाच वेळी अनेक शिक्के मारायचे असतात, पॅनेलवाले 'सगळे शिक्के एकाच चिन्हावर' म्हणून कानीकपाळी ओरडत असतात आणि अपक्षाला मिळतो तो कुणाचा तरी उरलेला शिक्का. व्हिक्टोरियात पक्ष आणि वर्तमानपत्रं चार-चार नावांच्या याद्या छापत. पक्षाच्या मतदाराला व्हायडा आवडल्या तरी त्याला आपल्या यादीतलं एक नाव कापावं लागे.

त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या कट्टर समर्थकालाही उरलेल्या तीन फुल्या माराव्याच लागत. त्या तीन फुल्या जात कुणाला? त्यांच्याच प्रतिस्पर्ध्यांना. एका हाताने दिलेलं मत दुसऱ्या हाताने तिप्पट करून समोरच्याच्या पारड्यात टाकायला ही पद्धत भाग पाडत होती.

११. मतं नेमकी किती पडली? कुठे ५ टक्के दिसतं, कुठे त्याहून बरंच जास्त.

१९०३ मध्ये ५१,४९७ मतं. टक्केवारीचा घोळ प्रश्न १० मधल्या चार फुल्यांमुळे होतो. समजा १०० मतदारांनी मतदान केलं. फुल्या झाल्या ४००. त्यांपैकी १६ मतदारांनी व्हायडांपुढे फुली मारली. एकूण फुल्यांशी भागलं तर ४ टक्के, मतदारांशी भागलं तर १६ टक्के. सुमारे ५ टक्के हा आकडा पहिल्या पद्धतीचा आहे. तो चुकीचा नाही, पण 'शंभरातल्या पाच जणांनीच त्यांना पसंत केलं' असा त्याचा अर्थ लावणं चूक आहे. आकडा लिहाल तेव्हा कशाशी भागला तेही लिहा.

१२. त्यांच्या जाहीरनाम्यात काय होतं? फक्त बायकांचे प्रश्न?

समान कामाला समान वेतन, कायद्यापुढे स्त्री-पुरुष समानता आणि सरकारी पदांवर स्त्रियांच्या नेमणुका हे होतंच. त्याशिवाय मालक-कामगार तंट्यांत सक्तीचा लवाद, सार्वजनिक सोयींवर सार्वजनिक मालकी आणि संपत्तीचं फेरवाटप करणारे कायदे हवेत अशी त्यांची मांडणी होती. बालगुन्हेगारांसाठी वेगळं न्यायालय असावं म्हणूनही त्यांनी खटपट केली. व्हिक्टोरियात तसा कायदा १९०६ मध्ये झाला.

गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देण्याचं धोरण तेव्हा जोरात होतं. त्याबद्दल त्यांची भूमिका आजच्या वाचकाला खटकेल. तत्त्व म्हणून त्यांचा त्या धोरणाला विरोध होता, पण समान वेतन लागू होईपर्यंत परदेशी मजुरांच्या येण्यावर निर्बंध असावेत असं त्या म्हणत. चरित्र लिहिताना हा भाग गाळू नका. प्रश्न ८ शेजारी ठेवून वाचला तर त्या काळातल्या सुधारकांचीही नजर कुठे थांबत होती ते दिसतं.

१३. पक्षात गेल्या असत्या तर निवडून आल्या नसत्या का? आणि पाचदा हरलेल्या उमेदवाराचा अभ्यास कशासाठी?

पक्षाची यादी मागे असती तर प्रश्न १० मधली अडचण बरीच कमी झाली असती, हे खरं. पण त्यांचं म्हणणं असं की पक्षात गेलेल्या स्त्रीला आधी पक्षाचा आदेश पाळावा लागतो, स्त्रियांचे प्रश्न मागे पडतात. हा निर्णय त्यांनी जाणूनबुजून घेतला आणि त्याची किंमत दर वेळी मोजली. आमच्या मते तो निवडणुकीच्या हिशेबात चुकीचा होता आणि चळवळीच्या हिशेबात बरोबर.

कारण त्यांच्यासाठी प्रचारसभा हीच शाळा होती. नुकतंच मत मिळालेल्या हजारो स्त्रियांना मतदार यादी म्हणजे काय, सिनेट काय करतं, फुली कशी मारायची हे कुणीतरी सांगायला हवं होतं. गावोगावची सभागृहं त्यांना ऐकायला भरत. आडवे-तिडवे प्रश्न विचारणाऱ्यांना त्या न चिडता उत्तरं देत. १९०३ च्या निकालानंतर त्यांनी संघटना आणि मासिक यांच्यामार्फत मतदार शिक्षणावरच भर दिला. १९०९ मध्ये 'वुमन व्होटर' हे नवं पत्र काढलं. आपल्याकडे पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या उमेदवारांनी हे ध्यानात घ्यावं: हरलेल्या प्रचारातूनही वॉर्डातल्या बायकांची नावं यादीत लागलेली असतात, आणि ती पुढच्या वेळी तिथेच असतात.

१४. त्या परदेशातही गेल्या होत्या ना?

दोन दौरे महत्त्वाचे. १९०२ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मताधिकार परिषद झाली, तिच्या त्या सचिव झाल्या. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाही तेव्हा भेटल्या. १९११ मध्ये लंडनच्या लढाऊ मताधिकारवाद्यांनी त्यांना बोलावलं आणि त्यांच्या सभांना अफाट गर्दी झाली. १७ जून १९११ च्या लंडनमधल्या भव्य मिरवणुकीत त्या ऑस्ट्रेलियाच्या गटात चालल्या. त्या गटाच्या चित्रफलकावर कन्या ऑस्ट्रेलिया माता ब्रिटनला सांगते आहे की आई, मी ठेवला तसा तूही बायकांवर विश्वास ठेव. डोरा मीसन कोट्स यांनी रंगवलेला तो फलक आता कॅनबेराच्या संसद भवनात आहे. त्याच मिरवणुकीत साड्या नेसलेल्या भारतीय स्त्रियांचाही एक गट होता, ललिता रॉय त्यांत होत्या.

१५. १९१७ मध्ये मतं एवढी का घटली?

युद्ध. १९१४ नंतर व्हायडा उघडपणे युद्धविरोधी झाल्या. १९१५ मध्ये त्यांनी स्त्रियांची शांतिसेना उभी केली, बेकार स्त्रियांना काम देणारं केंद्र चालवलं आणि सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध प्रचार केला. 'वुमन व्होटर'वर सेन्सॉरची कात्री चालली. भरतीवरची दोन्ही सार्वमतं, १९१६ आणि १९१७ ची, सरकार हरलं. पण सार्वमतात 'नको' म्हणणारे सगळे युद्धविरोधी उमेदवाराला मत देतात असं नसतं. घरोघरची मुलं आघाडीवर होती, आणि जुने समर्थकही दुरावले.

१६. पुढे काय झालं? त्यांच्या हयातीत एखादी स्त्री संसदेत गेली का?

१९१९ मध्ये त्या झुरिकच्या स्त्री शांतता परिषदेला गेल्या आणि बराच काळ परदेशी राहिल्या. परतल्यावर सक्रिय राजकारण सोडलं. उरलेलं आयुष्य मुख्यतः ख्रिश्चन सायन्स या पंथाच्या कामात गेलं. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत पहिल्या स्त्रिया पोहोचल्या त्या १९४३ मध्ये: कनिष्ठ सभागृहात एनिड लायन्स, सिनेटमध्ये डोरोथी टँग्नी. उमेदवारीच्या हक्कानंतर ४१ वर्षांनी. व्हायडांनी हे पाहिलं. १९४९ मध्ये त्या गेल्या तेव्हा फारशी दखल कुणी घेतली नाही. १९८४ मध्ये मेलबर्नच्या एका मतदारसंघाला 'गोल्डस्टाइन' हे नाव मिळालं.

१७. आपल्याकडे त्यांच्या तोडीचं नाव कोणतं? आणि कोल्हापुरात तेव्हा काय होतं?

कमलादेवी चट्टोपाध्याय. १९२६ मध्ये मद्रास कायदेमंडळासाठी त्या उभ्या राहिल्या आणि थोडक्यात हरल्या. त्याच कायदेमंडळात मुथुलक्ष्मी रेड्डी पोहोचल्या, पण त्या नियुक्त होत्या, निवडून आलेल्या नव्हेत. हा फरक परीक्षेत हटकून विचारतात.

मुंबई प्रांताने १९२१ मध्ये स्त्रियांना मत देण्याचा ठराव केला, पण मालमत्तेची अट होती, त्यामुळे मोजक्याच स्त्रिया बसल्या. शिवाय कोल्हापूर संस्थान त्या प्रांतात नव्हतं. बेळगाव किंवा साताऱ्याची पात्र बाई प्रांतिक निवडणुकीत मत देऊ शकत होती, करवीरची नाही. सर्वांना सरसकट मत मिळालं १९५१-५२ मध्ये. त्याही वेळी देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं वगळावी लागली, कारण 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद त्यांनी दिली होती.

१८. मूळ कागद कोल्हापुरात बसून वाचायचे तर कसे?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' हे संकेतस्थळ मोफत आहे. जुनी वर्तमानपत्रं तिथे पानागणिक मिळतात. शोधताना 'व्हायडा' टाकाल तर फारसं हाती लागत नाही, कारण त्या काळची वर्तमानपत्रं 'मिस गोल्डस्टाइन' छापत. तेच इंग्रजी अक्षरांत, अवतरणचिन्हांत टाका. मग राज्य व्हिक्टोरिया आणि कालावधी ऑगस्ट ते डिसेंबर १९०३ असा लावा, नाहीतर भलत्याच गोल्डस्टाइन मंडळींच्या जाहिराती येतात. यंत्राने वाचलेल्या मजकुरात आडनावाची अक्षरं मागेपुढे झालेली असतात, म्हणून दोन-तीन चुकीची स्पेलिंगंही करून पाहा.

एकाच सभेचं वार्तांकन निदान दोन वर्तमानपत्रांतून वाचा. शहरातली मोठी पत्रं भाषणापेक्षा पोशाखावर जास्त लिहीत. गावाकडच्या छोट्या पत्रांत पुष्कळदा सभेतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं सविस्तर सापडतात. टिपण करताना पत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक आणि बातमीची कायमची लिंक तिथल्या तिथे उतरवा. तीच बातमी नंतर शोधायला गेलं की शब्द थोडा बदलला तरी यादी पूर्ण वेगळी येते.